बैठका किती, विश्रांती किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अशोक चौकाजवळच्या कारखान्यात बारा तास यंत्रमागावर उभा असतो. पाय दिवसभर चालूच असतात. तरी वेगळा व्यायाम लागतो का? (पुरुष, वय ३८)

लागतो. मागांमधून फिरताना पाय दमतात, पण ताकद वाढायला स्नायूवर जेवढा भार पडावा लागतो तेवढा त्यात पडत नाही. आठवड्यातून दोन दिवस, पंचवीस-पंचवीस मिनिटं द्या आणि मधे किमान ४८ तास जाऊ द्या. पाळीच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशी करा. बारा तास उभं राहिल्यावर तोल आणि लक्ष दोन्ही ढळतं, कंबर धरते ती तेव्हाच.

चार प्रकार पुरेत : हात न टेकता खुर्चीवरून उठबस, कट्ट्याला हात टेकून जोर, पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांनी धरून कमरेतून वाकणं. प्रत्येकाचे तीन सेट, दर सेटला ८ ते १२ वेळा, मधे दीड-दोन मिनिटं विसावा. अजून दोन वेळा जमलं असतं असं वाटेल तिथे सेट थांबवा.

कॅनचा प्रकार सगळ्यात जास्त चुकतो. गुडघे किंचित सैल ठेवून नितंब मागे ढकला, पाठ सरळ, कॅन मांडीला घासत गुडघ्याच्या जरा खाली न्या. पाठ गोल व्हायला लागली की त्याच्या वरच तुमची हद्द. तिन्ही सेटमध्ये १२ वेळा सहज जमू लागलं की मोठा कॅन घेऊन एक लिटर पाणी वाढवा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाट्याची गरज नाही.

प्रश्न : मुलाने तालमीत पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारल्या. आता जिना उतरता येत नाही. दुखणं मोडायला तेवढ्याच पुन्हा मारायच्या का? (पालक, जुळे सोलापूर)

अजिबात नाही. बैठकेत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना त्यात बारीक इजा होते. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं आणि बहुधा आठवड्याच्या आत ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साचल्याने असं होतं ही समजूत चुकीची आहे, ते व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून जातं. सिद्धेश्वर तलावाकाठी पंधरा-वीस मिनिटं सावकाश चाललं तर पाय मोकळे होतात. जोरजोरात रगडू नका.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. लघवी काळ्या चहासारखी झाली, मांड्या टम्म सुजल्या किंवा पायांतलं बळच गेलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला घटक मूत्रपिंडावर येतो तेव्हा असं होतं. अशा वेळी मनाने वेदनाशामक गोळी देऊ नका, काही गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात.

दुखणं गेल्यावर दहा-दहाच्या तीन सेटपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एकूण पाच-दहा बैठका वाढवाव्यात. अंग मोडून आलं तरच व्यायाम लागू पडला, असं काही नसतं.

प्रश्न : ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर प्रथिनं भागतात का? वजन ६० किलो.

ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज सुमारे ७२ ते ९६ ग्रॅम प्रथिनं हवीत. हिशोब मांडू : चार भाकऱ्या (साधारण २६० ग्रॅम पीठ) सुमारे २६ ग्रॅम, ३० ग्रॅम चटणी ७, दोन वाट्या घट्ट डाळ १३, अर्धा लिटर दूध १६. झाले ६२. वर कोरडे सोयाचंक्स ३० ग्रॅम किंवा दोन अंडी घेतली की आकडा सत्तरीच्या पुढे जातो.

चटणीचाच घास वाढवून मात्र भागत नाही. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, प्रथिनांच्या मागे उष्मांकच जास्त येतात. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, डाळ तो भरून काढते. म्हणून भाकरीसोबत पातळ वरणावर न थांबता घट्ट डाळ घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते. उठताना गुडघे धरतात. व्यायामाने झिजतील का? (महिला, वय ५४)

ताई, बेताने केलेल्या व्यायामाने गुडघे झिजत नाहीत. मांडी बळकट झाली की उलट त्यांना आधार मिळतो. उंच स्टुलावरून दहा वेळा उठबस, दोन सेट, एक दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांनी जरा कमी उंचीचं बसणं घ्या. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं तर चालेल; वाढलं तर उंची पुन्हा वाढवा. दर अर्ध्या तासाने सूप खाली ठेवून दोन मिनिटं उभ्या राहा. गुडघा अडकत किंवा सुजत असेल तर आधी तपासून घ्या.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत व्यायाम थांबवावा का?

थांबवू नका, पण सकाळी सातच्या आत आटपा आणि प्रत्येक प्रकारातला एक सेट कमी करा. उकाड्याने झोप मोडली असेल त्या दिवशी भार वाढवू नका. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी थोडं थोडं प्या आणि जेवणात मीठ घातलेलं ताक ठेवा. रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं असेल तर ताक अळणीच घ्या.