वायूच्या ग्रहांना घनरूप चंद्र कसे?

प्रश्न : गुरू आणि शनी वायूंचे बनलेले आहेत, मग त्यांचे चंद्र आणि शनीची कडी घनरूप कशी? तीही वायूचीच का झाली नाहीत?

उत्तर : हा प्रश्न उलटा करून विचारला की उकल सोपी होते : गुरू-शनींना एवढा वायू धरून कसा ठेवता आला? सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी नवजात सूर्याभोवतीच्या तबकडीत वजनाने जवळजवळ ९८ टक्के हायड्रोजन आणि हेलियमच होते. बर्फ, खडक आणि धातू यांचा वाटा जेमतेम दोन टक्के. मात्र एकमेकांना चिकटून गोळा होण्याचा गुण या दोन टक्क्यांतच होता, कारण हायड्रोजन आणि हेलियम तिथल्या थंडीतही गोठत नाहीत. ते साठवायचे तर आधी जबरदस्त गुरुत्वाकर्षण हवे. बर्फ-खडकांचा गाभा पृथ्वीच्या दहापटीच्या घरात गेल्यावर गुरू भोवतालचा वायू झपाट्याने ओढू लागला, असे मानले जाते. आज त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे.

गुरूभोवती फिरणाऱ्या लहान तबकडीत त्याचे मोठे चंद्र घडले. वायू तिथेही मुबलक होता, पण तो राखण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. बुधापेक्षाही मोठ्या असलेल्या गॅनिमीडवरून निसटायला सेकंदाला २.७ किलोमीटर वेग पुरतो, तर गुरूवरून जवळजवळ ६० किलोमीटर लागतो. या चंद्रांची घनता तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे : गुरूला सर्वांत जवळचा आयो पाण्याच्या साडेतीन पट घन, म्हणजे निव्वळ खडक-धातूंचा, तर सर्वांत दूरचा कॅलिस्टो १.८ पट, म्हणजे जवळपास निम्मा बर्फ. तापलेल्या नवजात गुरूजवळ बर्फ टिकला नाही, दूरवर टिकला, हा त्याचा सरळ अर्थ.

कड्यांतल्या कणांना स्वतःचे गुरुत्वाकर्षण नसल्यातच जमा, त्यामुळे वायूचे कडे केव्हाच विरून गेले असते. शनीची मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली, पण बहुतेक ठिकाणी जाडीला दहा-वीस मीटरच आहेत. त्यांत वाळूच्या कणाएवढ्या, गारांएवढ्या, तर काही घराएवढ्या बर्फाच्या ढेकळांची गर्दी असते. ती एकमेकांना हलकेच घासत फिरतात, पण शनीच्या इतक्या जवळ त्याची ओढ त्यांचा चंद्र होऊ देत नाही.

घन कडे तयार होताना आजही पाहता येते. एन्सेलाडस या शनीच्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे बारीक कण उसळतात, हे कॅसिनी यानाने २००५ मध्ये टिपले. त्यातली वाफ अवकाशात विखुरते. बर्फाचे कण मात्र मागे राहतात आणि त्यांचेच शनीभोवती एक रुंद, फिकट कडे झाले आहे.