प्रशिक्षण झाले, आता वर्गात काय करू?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मागील सत्रात पाच दिवसांच्या प्रशिक्षणात अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवे ते) आणि कृतियुक्त अध्यापन (मुलांना स्वतः करायला लावून शिकवणे) यांविषयी बरेच ऐकले आणि ते मनापासून पटलेही. परंतु शाळेत परतल्यावर तीच साहित्याची एक पेटी आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची तीच घाई. माझे कोठे चुकते?
— एक शिक्षिका

उत्तर : आपले चुकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. पण सभागृहात ऐकलेली पद्धत स्वतःच्या वर्गात करून पाहिल्याशिवाय आणि तिच्याविषयी सहकाऱ्यांशी बोलल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून संपूर्ण पुस्तक एकदम बदलण्याचा आग्रह सोडून या सत्रात एकच घटक निवडावा, असे आम्हांस वाटते.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा शिवारात पेरणीची लगबग असते. अनेक घरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत मांडून उगवणशक्ती तपासतात आणि सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजतात. हीच चाचणी वर्गात आणावी. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते, त्यामुळे पोती आदळली की उगवण घटते, हे आपण आधी सांगू नये; एकाच पोत्यातील काही दाणे पिशवीत भरून चार-पाचदा फरशीवर आपटायला लावावेत, काही तसेच ठेवावेत आणि काय होईल याचा अंदाज मुलांकडून कारणासह लिहून घ्यावा. पाणी, जागा, दाण्यांची संख्या सारखी का ठेवायची, हा वादही त्यांनाच घालू द्यावा. (बीजप्रक्रिया केलेले, म्हणजे औषध चोळलेले विकतचे बियाणे मात्र मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.) आठवडाभर रोज पाच मिनिटे मोजणी केली तरी पुरते; त्यातून निरीक्षण, नोंद, शेकडेवारी आणि निष्कर्ष एकाच कामात साधतात.

खरे प्रशिक्षण यानंतर सुरू होते. मुलांच्या चार-पाच वह्या, त्यांत फसलेल्या नोंदीही असू द्याव्यात, केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, न्याव्यात आणि अर्धा तास केवळ त्यांवर बोलण्यासाठी केंद्रप्रमुखांकडे मागावा. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक दरमहा एकत्र बसून वर्गातील अडचणी मांडत असत. तो उपक्रम तीस वर्षे चालला, यात त्या बैठकांचा वाटा मोठा होता, असे आमचे मत आहे. परिषदेत वेळ न मिळाल्यास जवळच्या शाळेतील एका विज्ञान शिक्षकाला सोबतीला घ्यावे आणि दोघांनी एकमेकांचा एक-एक तास पाहावा. पाहताना शिक्षक काय बोलतात यापेक्षा मुले काय विचारतात, तेवढेच टिपून ठेवावे.