‘तब्येत सुधारली की!’

“मॅडम, गोळ्या वेळेवर घेते, रिपोर्टही आता बरे येतात, तरी मनाला उभारी का येत नाही?” ल्युपस झालेल्या बायकांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायला बसले. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्याच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या.

ओळख बदलून एकीची गोष्ट सांगते. कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच शिलाईकाम करणारी. सांधे दुखायचे, केस गळायचे, ऊन लागलं की गालांवर चट्टे उठायचे. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला. लग्नाकार्यात बायका कौतुकानं म्हणायच्या, “काय वहिनी, तब्येत सुधारली की!” तिने कार्यांना जाणं सोडलं. मग शिलाई सुटली, मग रंकाळ्यावरची संध्याकाळची फेरीही.

माझ्याकडे समुपदेशनाला यायला लागली तेव्हा सुरुवातीला ती फक्त काय काय जमलं नाही तेवढंच सांगायची. एकदा म्हणाली, “सगळ्यांना वाटतं मी नाटक करते.”

“कुणाला वाटतं?”

“सासूबाईंना.”

“त्या तसं बोलल्या?”

पदराशी चाळा करत ती बराच वेळ गप्प राहिली. “नाही. उलट भाकऱ्या त्याच थापतात आता.”

“मिस्टर?”

“तेबी नाही.” मग एकदम रडायलाच लागली. “मीच म्हणते, मॅडम. सकाळी उठवत नाही तेव्हा मीच मला म्हणते, नाटकं बंद कर.”

या उत्तराची मी कित्येक भेटी वाट पाहिली होती. ते मी तिला सांगून चाललं नसतं, तिलाच सापडायला हवं होतं. ल्युपसचा थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून बाई स्वतःकडेच पुरावा मागत राहते. आजार आपल्या हातात नसतो, पण त्याबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो ते तपासता येतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. आम्ही त्या एका वाक्यावरच काम केलं. खोटा उत्साह नको, खरं वाक्य हवं: “आज ताकद कमी आहे, आज फक्त ब्लाउजचं कटिंग करेन.” हळूहळू मशीन चालू झालं.

पण सगळं विचारांवर ढकलू नका. ल्युपस मेंदूवरही परिणाम करू शकतो, स्टेरॉइडनेही मन खाली जाऊ शकतं. म्हणून उदासी, झोप उडणं, रडू येणं हे सांधेदुखीइतक्याच स्पष्टपणे आपल्या संधिवाततज्ज्ञांना सांगा. हिलाही मी आधी तिकडेच पाठवलं होतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही काही काळ लागल्या, त्यात कमीपणा कसला? चेहरा सुजतो म्हणून स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नका, अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

घरच्यांनो, दिसण्यावर बोलू नका. “आज कसं वाटतंय?” विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत बसा. जगणं नकोसं झाल्याचं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.