पाणथळीवरचं ईझमेंट: आधी बँक, मग बाकी सगळं

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. विस्कॉन्सिनमधली शेतजमीन, तिच्यातल्या पाणथळीवर लँड ट्रस्टला (जमिनी राखणाऱ्या संस्थेला) कॉन्झर्वेशन ईझमेंट द्यायचंय, आणि बँक म्हणते, "तुम्ही नोंदणी करून टाका, आमचा कागद मागाहून देऊ." अजिबात ऐकू नका.

ईझमेंट म्हणजे थोडक्यात, जमीन तुमचीच राहते, पण तिचा वापर मर्यादित ठेवायचं बंधन तुम्ही लिहून देता आणि ते पाळलं जातंय हे बघायचा हक्क ट्रस्टला मिळतो. जमिनीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेने लिहून द्यावं लागतं की उद्या जप्ती आली तरी ईझमेंट टिकेल. देणगी म्हणून करसवलत हवी असेल तर हा कागद ईझमेंट देतानाच हातात पाहिजे. कोलोरॅडोच्या मिचेल प्रकरणात ईझमेंट दिलं २००३ च्या अखेरीस, कर्ज देणाऱ्याचा कागद आला २००५ मध्ये. जप्तीची शक्यता जवळजवळ नव्हतीच, हा युक्तिवाद टॅक्स कोर्टाने मानला नाही. २०१५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

आमच्या कर्ज कंपनीकडे (नाव घेत नाही) या कामाला एकच फॉर्म होता, दुसरं कर्ज काढणाऱ्यांसाठीचा. त्यात रकाने: नव्या सावकाराचं नाव, नव्या कर्जाची रक्कम. 'लागू नाही' लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. ट्रस्टचं नाव टाकलं, तर विचारणा आली, व्याजदर किती? फोनवर दर वेळी नवा माणूस, त्याला पुन्हा श्रीगणेशापासून सांगायचं. एकाने तर कर्ज पूर्ण फेडायचा आकडाच पाठवून दिला! तोवर डिसेंबर संपला, म्हणजे करवर्षही. करसवलतीसाठीचं अप्रेझल (किमतीचा अहवाल) देणगीच्या ६० दिवसांहून आधीचं चालत नाही, त्यामुळे तेही वाया आणि फी पुन्हा भरा. शेवटी ट्रस्टच्या वकिलाने त्यांचा फॉर्म बाजूला ठेवला, स्वतः एकपानी मसुदा केला आणि थेट त्यांच्या कायदा विभागाला धाडला. सोबत, ईझमेंटमुळे किंमत उतरली तरी जमीन कर्जाला पुरून उरते याचा हिशेब. तेव्हा कुठे सही झाली.

मी वकील नाही, सीपीएही (तिकडचा सीए) नाही, पण माझं मत स्पष्ट आहे: बँकेचा लेखी होकार येईपर्यंत अप्रेझरला फोनही करू नका.

सवलतीऐवजी रोख मोबदला हवा असेल आणि ती जागा पूर्वी निचरा करून पिकाखाली आणलेली असेल, तर एनआरसीएसचं (अमेरिकी कृषी खात्याच्या संवर्धन विभागाचं) वेटलँड ईझमेंट बघा. कायमचं किंवा ३० वर्षांचं; दुसऱ्यात पैसे कमी. जमीन सहसा २४ महिने तुमच्या नावावर असावी लागते. बोजाची कटकट मात्र तिथेही आहेच.

कोकणातल्या खाजणावरही असं ईझमेंट देता येईल का, हेही विचारलंत. आपला १८८२ चा ईझमेंट कायदा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क देतो. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेला त्याचा उपयोग नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६सी खाली खासगी जमीन कम्युनिटी रिझर्व्हसाठी (लोकांच्या सहभागाने राखलेल्या क्षेत्रासाठी) पुढे करता येते. पण मग वापर बदलायला रिझर्व्हच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. सातबारावर चुलत्यांची नावं असतील तर आधी त्यांना विचारा.

आणि हो, विस्कॉन्सिनच्या ईझमेंटच्या मसुद्यात रीड कॅनरी गवत (पाणथळीत माजणारं) जाळायची, फवारायची मुभा लिहून घ्या. ते गवत एकदा पसरलं की बाकी काही उगवू देत नाही, आणि मुभा नसेल तर काडी लावायलाही ट्रस्टची परवानगी मागत बसावं लागेल.