न खेळता ऐकलेला खेळ

प्रश्न : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, पात्रे घेऊन आणि फासे टाकून कथा रचत जाण्याच्या खेळाच्या ध्वनिमुद्रित बैठका मी परभणी-नांदेड रेल्वेप्रवासात ऐकतो, स्वतः कधी खेळलेलो नाही. ‘क्रिटिकल रोल’ ही अशाच बैठकांची मालिका ऐकायचे मनात आहे, पण शंभरावर भागांचे दडपण येते. आरंभ कोठून करावा? – एक वाचक, परभणी

उत्तर : न खेळता नुसते ऐकण्यात काहीही कमीपणा नाही. २०१५ साली सुरू झालेल्या या मालिकेचे पहिले पर्व ११५ भागांचे असून, तिच्यातील खेळाडू त्यापूर्वीच घरी काही वर्षे खेळत असल्याने पहिल्या भागातच कथा बरीच पुढे गेलेली असते आणि नवख्या श्रोत्याचा गोंधळ उडतो. म्हणून आपण दुसऱ्या पर्वापासून आरंभ करावा. तेही १४१ भागांचे आहे खरे, परंतु तेथे पात्रे नवी आहेत. एकेक भाग तीन-चार तासांचा असतो. तो चार फेऱ्यांत विभागून ऐकावा, मात्र वेग वाढवून ऐकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वीस बाजूंचा फासा मेजावर घरंगळतो, आकडा पुकारला जाईपर्यंत सारे श्वास रोखून थांबतात, आणि भलताच आकडा पडला की कथा पुढे नेणाऱ्या सूत्रधाराला योजलेले सारे बाजूला सारून तिथल्या तिथे नवी वाट काढावी लागते. ऐकण्याचा खरा आनंद याच क्षणांत आहे. नियम ऐकता ऐकता आपोआप उमगतात.