वाचकांचे प्रश्न : जास्त ओहमची कॉइल घ्यावी का?

प्रश्न : सिगारेट सुटावी म्हणून मी व्हेपकडे वळलो. इंग्लंडमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली, तेव्हापासून कॉइल, म्हणजे द्रव तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी, स्वतः बसवायची टाकी वापरतो. मित्राने दिलेली ०.३ ओहमची कॉइल ४५ वॅटवर चालवतो. परंतु वाफ फार गरम लागते आणि २ मिलिलिटरची टाकी बघता बघता रिकामी होते. १ ओहमच्या पुढची कॉइल बसवल्यास फरक पडेल का? दिवाळीत पुण्याला येताना हे उपकरण सोबत आणता येईल का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : फरक पडेल, मात्र नुसती कॉइल बदलून नव्हे. आपण वॅटचा आकडा दिला आहे, त्या अर्थी आपले उपकरण वॅट ठरवता येणारे आहे. असे उपकरण कॉइलचा ओहममधला रोध मोजते आणि ठरवलेले वॅट मिळतील एवढे व्होल्ट स्वतःच देते. त्यामुळे १ ओहमची कॉइल बसवून वॅट ४५च ठेवले, तर तेवढीच उष्णता बारीक तारेच्या लहानशा पृष्ठभागावर एकवटेल आणि पहिल्या-दुसऱ्या झुरक्यातच कॉइलमधला द्रव शोषणारा कापूस करपेल. वॅट १२ ते १५पर्यंत खाली आणावेत आणि हवेचे छिद्रही अरुंद करावे. ज्या उपकरणात बॅटरी थेट कॉइलला जोडलेली असते, तिथे मात्र सारा हिशेब रोधावरच चालतो : पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या बॅटरीतून ०.३ ओहमची कॉइल १४ अँपिअर खेचते, तर १.१ ओहमची ४ अँपिअरहून कमी.

कॉइल स्वतः वळणार असाल तर तार कँथल या मिश्रधातूची, २८ गेज जाडीची घ्यावी. अडीच मिलिमीटरच्या दांडीवर तिचे सहा वेढे घेतले की दोन्ही टोकांसह सुमारे १.१ ओहम रोध मिळतो आणि प्रत्येक जादा वेढ्यामागे साधारण ०.१६ ओहमची भर पडते. तेवढेच वेढे नायक्रोम ८० या दुसऱ्या मिश्रधातूच्या तारेचे घेतले तर रोध ०.८च्या आसपास राहतो, म्हणून दुकानात तार मागताना गेजबरोबर धातूही सांगावा. आपल्या टाकीत दोन कॉइलची जागा असेल तर विशेष सांभाळावे. १ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की एकूण रोध निम्मा, म्हणजे ०.५ ओहम होतो, आणि ‘जास्त ओहमची घेऊनही काहीच बदलले नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

कापूस घालण्यापूर्वी १० वॅटवर क्षणभर बटण दाबून पाहावे. कॉइल मधून कडांकडे सारखी तापत गेली तर ठीक. स्क्रूजवळचे टोक आधी लाल झाले तर स्क्रू सैल आहे किंवा वेढ्यांमध्ये फट राहिली आहे असे समजून, बटण सोडून, सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलकेच आवळावेत. कापूस किंचित अडत सरकावा, पण त्या ओढीने कॉइल वाकता कामा नये.

आता द्रवाविषयी. वाफ कमी झाली की तिच्यातून मिळणारे निकोटीनही कमी होते. आजवर आपण ३ मिलिग्रॅमचा द्रव वापरत असाल आणि तोच पुढे चालू ठेवला, तर तलफ न भागल्यामुळे दिवसभर उपकरण हातातून सुटणार नाही आणि द्रवाची बचत बाजूलाच राहील. ब्रिटनमध्ये मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम ही कायदेशीर कमाल मर्यादा आहे. आपण तिच्या बऱ्याच खालून सुरुवात करून गरजेपुरतेच वाढवावे. द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि घट्ट ग्लिसरीन यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा घ्यावा, कारण घट्ट द्रव बारीक कापसातून वेळेवर पोहोचत नाही. अर्थात, हे सारे सिगारेट सोडणाऱ्यासाठी आहे. जो मुळात ओढतच नाही, त्याने या वाटेला जाऊच नये.

पुण्याला मात्र हे उपकरण आणू नये. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक आणि साठवणूक यांवर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. सुटीपुरती तलफ भागवण्यासाठी इथल्या औषधाच्या दुकानात निकोटीनचे च्युइंगगम मिळते.