डोंगरातून रात्रभर रिले पळायची आहे, टीमची तयारी कशी करावी?

तुमची बारा जणांची टीम आहे, दोन गाड्या आहेत, प्रत्येकाला तीन-तीन टप्पे येणार आणि त्यातला एक तरी मध्यरात्रीनंतरचा, घाटातला असणार, असं तुम्ही लिहिलंय. सगळे जण दहा किलोमीटर आरामात पळतात, मग अडचण कुठं येईल, हा तुमचा प्रश्न.

अडचण पळताना येणार नाही. एक टप्पा पळून तुम्ही गाडीत बसाल आणि चार-पाच तासांनी पुन्हा खाली उतराल, तेव्हा येईल.

मी घड्याळ लावून होणारी शर्यत पळालेलो नाही, हे आधीच सांगतो. पण अकरा वर्षं नवरात्राची ज्योत पळत आणली आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांची पोरं घटस्थापनेसाठी तुळजापूरहून भवानीची ज्योत पळत घेऊन जातात, त्यातलेच आम्ही. आमचं गाव मांजरसुंब्याचा घाट उतरला की, बीडच्या अलीकडं. धाराशिव, येडशी, येरमाळा, तेरखेडा, चौसाळा असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, सगळा बालाघाटाच्या अंगाखांद्यावरून. वीस-बावीस पोरं, एक टेम्पो, दोन मोटारसायकली. दुपारी चारला निघालो की सकाळी आठपर्यंत गाव. घट प्रतिपदेला बसतात, म्हणजे आमची पळायची रात्र सर्वपित्री अमावस्येची. चांदणं मिळतच नाही. येडशीच्या पुढं गेलं की ज्योतीचा उजेड पडेल तेवढाच रस्ता आपला.

तिसऱ्या का चौथ्या वर्षीची गोष्ट. धाराशिवपर्यंत मी जोरात पळालो होतो. मग टेम्पोत घोंगडी ओढून तास-दीड तास पडलो. येरमाळ्याच्या पुढं, रात्री दोनच्या सुमाराला, नाव पुकारलं तसा उडी मारून उतरलो आणि ज्योत हातात घेऊन थेट पळायला लागलो. शंभर पावलंही झाली नसतील, डाव्या पोटरीत असा पेटका आला की गुडघ्यावरच बसलो. ज्योत तेवढी वर धरून ठेवली. कडेनं तेल सांडलं, मनगटावर ओघळलं, त्याचा डाग अजून आहे. मागून येणारं पोरगं धावत आलं, "भैय्या, सोडा, घेतली मी" म्हणालं आणि गेलं पुढं. माझ्या पायात ताकद होती, पण ते पाय गार पडले होते.

त्या वर्षापासून आम्ही नियमच केला. पळून आलेला लगेच बसत नाही. आधी पाच-सात मिनिटं टेम्पोच्या मागं चालतो. घामाचा सदरा काढून कोरडा घालतो, मगच आडवा होतो. ज्याची पाळी येणार त्याला पंधरा मिनिटं आधी उठवायचं. त्यानं खाली उतरून चालायचं, पाय झटकायचे, हळूहळू पळायला लागायचं. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, त्यामुळं त्या वेळेला हे दुप्पट नेमानं करावं लागतं. उठवायचं काम एकाच माणसाकडं द्या आणि त्याला त्या वेळात पळायला लावू नका. आमच्याकडं हे टेम्पोवाले मामा करतात. ते नावानं हाक मारत नाहीत, पायाचा अंगठा धरून हलवतात, म्हणजे शेजारचे जागे होत नाहीत.

ज्योत हातात देण्याची आमची पद्धतही सांगतो. देणारा थांबत नाही. घेणारा त्याच्या बरोबरीनं पळायला लागतो, दांड्याला चार हात लागतात, दहा-बारा पावलं दोघं एकत्र टाकतात. घेणारा "घेतली" म्हणाला की मगच पहिला हात सोडतो. तुमच्याकडं ज्योत नसेल, पट्टा नाहीतर काठी असेल, पण बदलीच्या जागेवर अंधारात आपला माणूस न सापडणं हा घोळ सगळीकडं सारखाच. येणाऱ्यानं अर्धा किलोमीटर आधी फोन किंवा शिट्टी, आणि घेणारा तोवर पायावर उभा पाहिजे.

दोन गाड्या असतील तर सहा-सहा जण वाटून घ्या. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये हूड टू कोस्ट म्हणून याच धर्तीची मोठी शर्यत १९८२ पासून होते. माउंट हूडवरून निघून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर, १२ जण, ३६ टप्पे. एका गाडीतले सहा पळत असताना दुसऱ्या गाडीतल्या सहांना झोपायला, खायला वेळ मिळतो. पहिलाच टप्पा डोंगरावरून खाली येणारा आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण उतार फसवा असतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलत असतात, त्यामुळं चढापेक्षा उतारानं मांड्या जास्त भरून येतात. त्याच मांड्यांवर पुढचे दोन टप्पे काढायचे असतात. मांजरसुंब्याचा घाट आम्ही उजाडताना उतरतो, गाव जवळ आलेलं असतं, अंगात वारं भरतं, आणि तिथंच नवी पोरं ढांगा टाकून पाय घालवतात. पावलं छोटी, कंबर किंचित पुढं, टाच आपटायची नाही.

रात्रीचे टप्पे वाटताना नुसता वेग बघू नका. आमच्यात सगळ्यात भरवशाचा गडी वेगानं मधलाच आहे. पण शेतीची लाईट रात्रीची असली की तो दोन वाजता उठून मोटार चालू करायला जातो. त्याचं शरीर त्या वेळेला जागं असतं. तुमच्यात रात्रपाळी करणारा कुणी असेल तर पहाटेचा टप्पा त्याला द्या.

खाण्याचं थोडक्यात. वाटेत गावोगावची माणसं प्रेमानं थांबवतात, पुरी-भाजी, शिरा पुढं करतात. हात जोडून थोडंच घ्यावं लागतं. तळलेलं पोटात असताना घाट पळता येत नाही. आम्ही दशम्या, केळी आणि गुळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवतो, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी सारखं घोट-घोट. तहान लागत नाही म्हणून रात्री पाणी टाळू नका.

सुरक्षेत मात्र तडजोड नको. आमच्या मागं टेम्पो इंडिकेटर लावून असतो, म्हणून आम्ही डाव्या कडेनं पळतो. मागं गाडी नसेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. रेडियमचं जॅकेट, डोक्याला बॅटरी. कानात गाणी नकोत, मागून येणारा ट्रक आधी ऐकू येतो. आम्ही अनवाणी पळतो, तो आमचा नेम आहे. तुम्ही बूट घाला आणि कोरड्या मोज्यांचे तीन जोड जवळ ठेवा.

तुम्ही छत्रपती संभाजीनगरचे आहात म्हणून शेवटचं. शर्यतीआधी तीन आठवडे एखाद्या रात्री अख्खी टीम घेऊन दौलताबादवरून खुलताबादचा घाट धरा. रात्री नऊला प्रत्येकी पाच किलोमीटर, मग गाडीत बसून राहायचं, एकला पुन्हा पाच, पहाटे पाचला पुन्हा पाच. घाटातल्या जुन्या दरवाजापाशी रस्ता अरुंद आहे, तिथं चालतच जा. कुणाचे पाय कितव्या वेळेला गार पडतात ते त्या एका रात्रीत कळेल. ते वहीत लिहून ठेवा आणि टप्पे त्यावरून वाटा.